अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये एपी, आयबी, ऑनर्स : विषय कसे मिळवायचे, कागद कोणते लागतात आणि वेटेड जीपीए कसा मोजतात

भारतातून आठवी-नववीनंतर अमेरिकेत आलेल्या मुलांच्या पालकांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. इथलं हायस्कूल नववी ते बारावी असतं आणि कॉलेजच्या अर्जासोबत जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) चारही वर्षांचे ग्रेड असतात. आपल्याकडे नववीचे मार्क पुढे कोणी विचारत नाही, इथे विचारतात. म्हणून नववी-दहावीत आलेल्या मुलाचे विषय कसे लावले जातात, याकडे पहिल्याच आठवड्यात लक्ष द्यायला हवं.

वरच्या पातळीचे विषय साधारण चार प्रकारचे. ऑनर्सचा अभ्यासक्रम आणि परीक्षा शाळेच्याच. एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं : वर्षभर वर्ग, मे महिन्यात देशभर एकच परीक्षा आणि १ ते ५ गुण. आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) डिप्लोमा अकरावी-बारावीचा : सहा विषय प्रत्येकी ७ गुणांचे, शिवाय निबंध आणि ज्ञानमीमांसेचे मिळून ३, म्हणजे एकूण ४५. चौथा प्रकार ड्युअल एनरोलमेंट, म्हणजे शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचा कोर्स. त्याचे ग्रेड कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जातात. पुढे मेडिकलला अर्ज करताना ती नोंदही पाठवावी लागते, त्यामुळे तो कोर्स सहज म्हणून घेऊ नये.

प्रवेश कोणाला मिळतो?

सगळ्या देशाला एकच नियम नाही, डिस्ट्रिक्टप्रमाणे (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा) बदलतो. काही शाळा इच्छुक असेल त्याला एपीत घेतात. काही आधीच्या विषयातला ग्रेड आणि शिक्षकांची शिफारस मागतात. शिफारस मिळाली नाही, तरी बऱ्याच ठिकाणी पालकांच्या सहीचा वेव्हर (अट माफ करण्याचा) फॉर्म भरून प्रवेश घेता येतो. तो फॉर्म काउन्सेलर (शाळेतले विषयनिवडीचे सल्लागार) स्वतःहून पुढे करतीलच असं नाही, मागून घ्या. पुढच्या वर्षाची विषयनिवड बहुतेक शाळांत जानेवारी ते मार्चमध्ये होते. तुम्ही ऑगस्टमध्ये पोहोचलात, तर उरलेल्या जागांतून निवडावं लागतं.

खरी अडचण गणितात येते. इथे अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस अशी शिडी असते. आपल्या बोर्डात बीजगणित आणि भूमिती दरवर्षी बरोबरीने चालतात. मार्कशीटवर नुसतं ‘गणित’ दिसलं की ऑफिस मुलाला सरळ अल्जिब्रा १ मध्ये टाकू शकतं. नववीत तिथे बसलेला मुलगा दरवर्षी एकच पायरी चढला, तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोहोचतो. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर ते महागात पडतं. म्हणून नाव घालतानाच प्लेसमेंट टेस्टची लेखी मागणी करा आणि गणिताचा अभ्यासक्रम इंग्रजीत सोबत द्या.

कागदपत्रं

जन्मदाखला किंवा पासपोर्ट, लसीकरणाची नोंद आणि घरभाडे करार किंवा वीजबिल हे सगळीकडे लागतं. भारतातून निघण्यापूर्वी शाळा सोडल्याचा दाखला, आठवीपासूनच्या मार्कशीट आणि शाळेच्या लेटरहेडवर गुणपद्धतीचा खुलासा घ्या, सही-शिक्क्यासह आणि इंग्रजीत. हा खुलासा फार मोलाचा आहे. दहावीला ७५ टक्के म्हणजे आपल्याकडे विशेष प्रावीण्य, पण इथल्या नेहमीच्या पट्टीवर ७५ म्हणजे ‘सी’. आकडे जसेच्या तसे उतरवले गेले, तर हुशार मुलाचा जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) पहिल्याच दिवशी खाली येतो. काही शाळा परदेशी गुणांना ग्रेड न देता फक्त ‘पास’ नोंदवतात. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये ती सोय आहे का, हे रजिस्ट्रारला विचारा.

वेटेड जीपीए

साध्या जीपीएत ए चे ४, बी चे ३, सी चे २. वेटेड पद्धतीत अनेक शाळा एपी आणि आयबीला एक आणि ऑनर्सला अर्धा गुण वाढवून देतात. समजा सहा विषय आहेत, त्यांत दोन एपी, एक ऑनर्स आणि सगळ्यांत ए. साधा जीपीए ४.० होईल, तर वेटेड २६.५ भागिले ६, म्हणजे ४.४२. तीन एपींत बी आणि तीन साध्या विषयांत ए असेल, तर वेटेड ४.० दिसतो, पण साधा ३.५ असतो.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ‘आमचा ४.६’ असं ऐकून मुलांवर ओरडू नका. दुसऱ्या डिस्ट्रिक्टचा ४.६ आणि तुमचा ४.३ यांची तुलनाच होत नाही, कारण जादा गुणांचे नियम वेगळे असतात. कॉलेजांना हे ठाऊक असतं. अर्जाबरोबर काउन्सेलर शाळेचं प्रोफाइल पाठवतात. शाळेत कोणते वरचे विषय होते आणि त्यातले मुलाने कोणते घेतले, हे त्यावरून कळतं. शाळेत चारच एपी असतील, तर दहा का घेतले नाहीत असं कोणी विचारत नाही.

अनेक विद्यापीठं जीपीए स्वतः पुन्हा मोजतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा नियम स्पष्ट आहे. दहावी-अकरावीचे ठरावीक विषय धरतात आणि जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना देतात, त्यातले दहावीचे चारच. कॅलिफोर्नियाबाहेरच्या शाळेतल्या ऑनर्सला जादा गुण मिळत नाही, एपी आणि आयबीला मिळतो. टेक्सासमध्ये मात्र शाळेच्या वेटेड आकड्याला खरंच वजन आहे. तिथे १९९७च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला ही मर्यादा २०२६च्या प्रवेशापासून ५ टक्के आहे. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये हा क्रमांक वेटेड जीपीएवरून लागतो. टेक्सासला राहत असाल, तर डिस्ट्रिक्टची ग्रेडिंग पॉलिसी आठवी संपण्यापूर्वी वाचा.

एपीची नोंदणी आणि फी

वर्गात बसलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नसतं. शिक्षकांनी दिलेला जॉइन कोड कॉलेज बोर्डाच्या खात्यात घालायचा आणि शाळेच्या मुदतीत परीक्षेची मागणी नोंदवायची. शाळांना ती मागणी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाठवावी लागते. २०२५ साली एका परीक्षेची फी अमेरिकेत ९९ डॉलर होती, उशीर झाला तर वर ४० डॉलर. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सवलत आहे, त्यासाठी काउन्सेलरशी बोला. निकाल जुलैमध्ये लागतो. ३ गुणांना क्रेडिट द्यायचं की ४-५च मागायचे, हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं आणि वेबसाइटवर विषयवार देतं.

विषय झेपत नसेल तर सोडण्याची तारीखही शाळा ठरवून देते. त्या तारखेआधी सोडला तर सहसा ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही, नंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, म्हणजे विषय सोडल्याची खूण) लागू शकतो.