वजाबाकी करणारा उपग्रह

‘एकवीस वर्षं मेलेला उपग्रह आपोआप जिवंत झाला, शास्त्रज्ञही चक्रावले!’ असा मजकूर मधूनमधून फिरत येतो. उपग्रह खरा आहे आणि एकवीस वर्षंही खरी आहेत. चक्रावलं मात्र कुणी नाही. एओ-7 हा हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम मंडळींचा उपग्रह. 15 नोव्हेंबर 1974 रोजी तो कक्षेत गेला. 1981 मध्ये त्याची बॅटरी आतल्या आत शॉर्ट झाली आणि सौरपट्ट्यांची वीज त्या शॉर्टमध्येच जिरू लागली. उपग्रह गप्प झाला. जून 2002 मध्ये एका ब्रिटिश हॅमला त्याचा मोर्स, म्हणजे टिंब-रेषांचा संकेत, अचानक ऐकू आला. झालं होतं एवढंच, की शॉर्ट झालेली जोडणी आतून तुटली आणि वीज पुन्हा रेडिओपर्यंत पोचू लागली. तेव्हापासून तो उन्हात चालतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद पडतो. पुनर्जन्म मानायचाच असेल तर दुसरा पुरावा शोधावा लागेल.

मला या उपग्रहाचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. तो वजाबाकी करतो.

हॅमचे उपग्रह तसे जुनेच. पहिला ऑस्कर-1. तो डिसेंबर 1961 मध्ये, म्हणजे स्पुटनिकनंतर चारच वर्षांनी, दुसऱ्या एका उपग्रहासोबत वर गेला. वजन साडेचार किलो. मोर्समध्ये ‘एचआय’ एवढंच तो म्हणत राही. तारवाल्यांच्या भाषेत ते हसू. हे हसू किती भरभर यायचं ते आतल्या तापमानावर ठरत होतं, त्यामुळे घड्याळ लावून हसू मोजलं की उपग्रहाचं तापमान कळायचं. पण त्याच्याशी बोलता येत नव्हतं. बोलण्यासाठी ट्रान्सपाँडर लागतो: खालून येणारा संदेश घ्यायचा, त्याची वारंवारता बदलायची आणि ताकद वाढवून पुन्हा खाली सोडायचा.

एओ-7 च्या एका ट्रान्सपाँडरला आपण 432 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो आणि तो 145 च्या आसपास उत्तर देतो. उपग्रह साधारण 1450 किलोमीटर उंचीवर आहे. त्या क्षणी त्याला क्षितिजाच्या वर पाहू शकणारे कोणीही दोघं, अगदी सात हजार किलोमीटर अंतरावरचेसुद्धा, एकमेकांशी बोलू शकतात. त्यासाठी छोटी यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची आडव्या काड्यांची अँटेना, थोडे वॅट आणि परवाना पुरतो. वेळ मात्र बेताचा. डोक्यावरून जाणारा पास, म्हणजे उपग्रह उगवून मावळेपर्यंतचा काळ, वीसेक मिनिटांत आटोपतो.

अडचण डॉपलरची. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी ऐकू येते आणि गाडी लांब जाऊ लागली की उतरते, हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. उपग्रह क्षितिजावर उगवतो तेव्हा तो सेकंदाला पावणेसहा किलोमीटरच्या आसपास वेगाने आपल्या जवळ येत असतो. आपण 432 वर बोललो की त्याला ते सुमारे 8.3 किलोहर्ट्झ वर सरकलेलं ऐकू येतं. त्याचं 145 वरचं उत्तर आपल्यापर्यंत येताना आणखी 2.8 किलोहर्ट्झ वर सरकतं. बेरीज 11.1. माणसाच्या बोलण्याला रेडिओवर जेमतेम तीन किलोहर्ट्झ जागा लागते, म्हणजे आपला आवाज आपल्या जागेपासून तीन संभाषणं पलीकडे जाऊन पडला असता.

इथे वजाबाकी येते. हा ट्रान्सपाँडर आलेल्या वारंवारतेतून ठरावीक आकडा कमी करून ती खाली धाडत नाही. तो उलटं करतो: 578.1 मधून आलेली वारंवारता वजा करतो आणि उरेल ती पाठवतो. 432.125 आलं तर 145.975 जाणार आणि 432.175 आलं तर 145.925. वर चढलं की खाली उतरतं. त्यामुळे जाताना मिळालेले 8.3 किलोहर्ट्झ परतीला उणे होतात, त्यात उतरतानाचे 2.8 अधिक होतात आणि शिल्लक राहते उणे 5.5. म्हणजे घोळ निम्म्यावर आला, तोही एकही जादा भाग न बसवता. मिक्सर नावाच्या सर्किटमध्ये कोणाला कोणातून वजा करायचं, एवढाच प्रश्न होता.

आता त्या उणे चिन्हाकडे बघा. उपग्रह जवळ येतोय आणि तुमचा स्वतःचा आवाज ठरल्या जागेच्या खाली ऐकू येतोय! पास पुढे सरकतो तसा तो वर चढत जातो, उपग्रह सगळ्यात जवळ असताना बरोबर जागेवर येतो आणि मावळताना 5.5 किलोहर्ट्झ वर असतो. आगगाडीच्या शिट्टीच्या नेमकं उलट. पुस्तकातला नियम मोडलेला नाही. जाताना आणि येताना तो दोनदा लागला आणि मोठा हिस्सा उलटा झाला, इतकंच.

याची एक किंमत आहे. उलटवण्यात आवाजातले उंच स्वर खाली आणि खालचे वर जातात, ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट कळतो. म्हणून आपणच आधी आवाज उलटा पाठवायचा: वर जाताना खालची साइडबँड (म्हणजे मूळ वारंवारतेच्या खालच्या बाजूचा पट्टा), खाली येताना वरची. दोनदा उलटलं की सुलट. उरलेल्या 5.5 साठी बोलताबोलता नॉब फिरवावा लागतो. जुना दंडक असा, की वर जाणारी आणि खाली येणारी या दोन्हींपैकी मोठी वारंवारता हलवायची आणि लहान तशीच ठेवायची. आता हे काम बहुतेक जण संगणकाला देतात.

हेडफोन मात्र कोणीही काढत नाही, कारण बोलताना स्वतःला ऐकणं हाच शिष्टाचार आहे. ट्रान्सपाँडरची थोडीशी वीज सगळ्या संभाषणांत वाटली जाते. एखादा जास्त वॅट लावून ओरडू लागला की बाकीचे आवाज दबतात. एओ-7 ला तर बॅटरीचा आधारच नाही, त्यामुळे त्याचा व्होल्टेज खचतो आणि सगळ्यांचेच आवाज लडखडू लागतात. असं ओरडणाऱ्या माणसाला मगर म्हणतात: तोंड मोठं, कान नाहीत.

भारताचा हॅमसॅटही याच उलट्या जातीचा होता, 435 वर ऐकणारा आणि 145 वर बोलणारा. वजन 42.5 किलो. 5 मे 2005 रोजी पीएसएलव्ही-सी6 ने कार्टोसॅट-1 सोबत तो वर नेला. त्यातला एक ट्रान्सपाँडर एका डच विद्यार्थ्याने बनवला होता. नऊ वर्षांनी, जुलै 2014 मध्ये, बॅटरी निकामी होऊन तो थांबला. एओ-7 सारखी त्याची बॅटरी ‘सोयीस्कर’ मोडली नाही.

2018 मध्ये कतारच्या एस्हेल-2 या भूस्थिर उपग्रहावर हॅमसाठी ट्रान्सपाँडर बसवला गेला. आफ्रिका, युरोप आणि भारत त्याच्या नजरेत चोवीस तास असतात. तो आपल्या दृष्टीने जागचा हलत नाही, त्यामुळे डॉपलर जवळजवळ नाहीच आणि नॉब शांत. पण 36 हजार किलोमीटर वर जाऊन परत यायला आवाजाला पाव सेकंद लागतो. हेडफोनमध्ये स्वतःचं वाक्य पाव सेकंद मागून येत राहतं आणि नवखा माणूस स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओ-नाव, सांगतानाच अडखळतो.