तलवारबाजी : अपुऱ्या साधनांत खेळाचा प्रसार (पुणे)

तलवारबाजी म्हणजे फेन्सिंग. शालेय स्पर्धांच्या यादीत हेच नाव आहे, त्यामुळे पुण्यात मूल घरी येऊन तलवारबाजीला नाव घातलं म्हणालं की आजीच्या डोळ्यांपुढे दांडपट्टा उभा राहतो. फॉइल, एपी आणि सेबर ही यातली तीन शस्त्रं. १८९६ पासून हा खेळ प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये आहे. भारतात महासंघ १९७४ मध्ये स्थापन झाला, सरकारी मान्यता १९९७ ची, आणि ऑलिम्पिकमध्ये पहिली भारतीय खेळाडू उतरली ती थेट टोकियोत, २०२१ साली : चेन्नईची भवानी देवी, प्रकार सेबर.

खेळाचं मूळ आपल्या दांडपट्ट्यात आहे असं बरेचदा लिहिलेलं दिसतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर. सतराव्या शतकात मराठ्यांकडे पट्टा सर्रास होता याबद्दल फारसं दुमत नाही, त्याआधीचा काळ मात्र अंदाजाचाच. काहीजण त्याचं नातं संस्कृतातल्या 'पट्टिश' या शस्त्राशी जोडतात, पण नुसत्या नादसाम्यावर एवढं म्हणणं धाडसाचं वाटतं. आजच्या फेन्सिंगचे नियम युरोपातल्या, मुख्यतः इटली आणि फ्रान्सच्या परंपरेतून आले, आंतरराष्ट्रीय महासंघ १९१३ मध्ये पॅरिसला झाला आणि पंचांच्या हाका अजूनही फ्रेंचच आहेत. दोन्हीकडची देवाणघेवाण झाली ती पात्यांची, 'फिरंग' तलवारीला युरोपातून आलेलं पातं असायचं, पण खेळ आला-गेला असं दिसत नाही. शिवाय पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत जाणारा लोखंडी खोबळा, त्यात मनगट जखडलं जातं आणि वार खांद्यातून येतो, चाल गोलाकार असते. सेबर बोटांनी आणि मनगटाने चालते आणि खेळाडू १४ मीटर लांब, जेमतेम दीड-दोन मीटर रुंद पट्टीवर पुढे-मागेच सरकतो. म्हणजे मर्दानी खेळातून आलेल्या मुलाला आधीची सवय मोडावी लागते. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण वंशावळ वेगळी. धडा घ्यायचा तर तो फरी-गदक्याचा. चामड्याची छोटी ढाल आणि चामडं मढवलेली काठी, एवढ्यावर तालमीत पोरं तयार व्हायची, खरं शस्त्र नंतर.

फेन्सिंगमध्येही हे चालतं. भवानी देवीने सुरुवातीला बांबूच्या काठ्यांवर सराव केला कारण इलेक्ट्रिक तलवारी रोज वापरायला परवडत नव्हत्या, पुढे ती केरळात थलसेरीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात सागर लागू या प्रशिक्षकांकडे शिकली. पहिले काही महिने तर नुसतं पायांचं काम असतं, त्याला हॉलमध्ये चिकटपट्टीची रेघ पुरते.

खर्च सुरू होतो विजेपासून. ऑलिम्पिकमध्ये एपीला विजेची गुणनोंद १९३६ मध्ये आली, फॉइलला १९५६ आणि सेबरला १९९२ मध्ये. तेव्हापासून बॉडी वायर (कपड्यांआडून तलवारीपर्यंत जाणारी तार), रील (मागची तार गुंडाळणारी चकरी), वार लागला की पेटणारा दिव्याचा डबा हे सगळं आलं. गरीब ठिकाणी कुठल्या शस्त्राने सुरुवात करावी यावर दोन मतं आहेत. सेबरच्या टोकाला स्प्रिंग, स्क्रू काहीच नसतं त्यामुळे तलवार स्वस्तात सांभाळली जाते, पण धातूच्या धाग्याचं जॅकेट, वीजवाहक मास्क आणि हातमोज्याचा तसाच कफ लागतो. एपीला हे धातूचं जॅकेट नको, सगळं अंग लक्ष्य. फॉइल आणि सेबरमध्ये दोघांचे वार एकदम लागले तर हल्ल्याचा हक्क कुणाचा हे पंचाला ठरवावं लागतं, एपीत बहुतेक वेळा दिवाच सांगतो, आणि तयार पंच मिळणं हीच आपल्याकडची मोठी अडचण आहे, त्यामुळे एपीचा पक्ष जास्त पटण्यासारखा आहे. एक गोष्ट लक्षात ठेवायची, साध्या फरशीवर एपीचं टोक जमिनीला लागलं तरी दिवा लागतो, धातूच्या पट्टीवर लागत नाही.

दुरुस्ती हा विषय प्रशिक्षण शिबिरांत फारसा शिकवला जात नाही आणि तिथेच क्लब बंद पडतात. एपीच्या टोकाच्या स्प्रिंगने ७५० ग्रॅम वजन परत उचललं पाहिजे, फॉइलच्या ५०० ग्रॅम, मग एपीत १.५ आणि ०.५ मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या घालून टोकाची चाल तपासायची. हे काम दहावीतलं मूलही शिकतं. पुण्याच्या पावसाळ्यात पात्यांना गंज चढतो, घामाने जॅकेटचा धागा काळा पडून वीज जाईनाशी होते, म्हणून वापरल्यावर जॅकेट धुवून वाळवायचं आणि ब्लेडला तेलाचा हात फिरवायचा. वायर, सॉकेट, सोल्डर तपकीर गल्लीत मिळतं, सरावापुरता दिव्याचा डबाही तिथल्या सामानातून घरी जोडता येतो.

मास्कवर मात्र काटकसर करायची नाही. १९८२ च्या रोम जागतिक स्पर्धेत तुटलेलं पातं मास्कमधून घुसून सोव्हिएत खेळाडू व्लादिमीर स्मिर्नोव्ह गेला, त्यानंतर मॅरेजिंग पोलादाची (सहज न तुटणाऱ्या मिश्र पोलादाची) पाती आणि कडक कापड आलं. मोठ्या स्पर्धांत कपड्यांनी ८०० न्यूटन आणि मास्कच्या गळपट्टीने १६०० न्यूटन जोराची टोच न फाटता सोसावी लागते. हे मॅरेजिंग पोलाद हैदराबादच्या मिधानी या सरकारी कारखान्यात तयार होतं, रॉकेटसाठी. पाती मात्र बहुतेक बाहेरूनच येतात.

पुण्यात मुंढव्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये फेन्सिंग आहे, बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं संकुल आहे. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण यामुळे पालक मुलांना पाठवतात, पण बारावीनंतर गळती होते आणि पंच किंवा दुरुस्ती करणारा होऊ शकेल असं वय तेच असतं.

व्हीलचेअर फेन्सिंग १९६० च्या रोम पॅरालिम्पिकपासून आहे. खुर्च्या चौकटीच्या मधल्या दांड्याशी ११० अंशात घट्ट बसवतात, पायांचं काम नाही, त्यामुळे लांब पट्टी लागत नाही, चौकट मात्र पक्की हवी आणि सरावापुरती ती चांगला फॅब्रिकेटर करून देऊ शकतो.