रेडिओ ट्रान्समीटरची उड्डाण सिम्युलेटरशी जोडणी

मॉडेल विमान, हेलिकॉप्टर किंवा ड्रोन उडवण्याचा रेडिओ ट्रान्समीटर संगणकाला जॉयस्टिकसारखा जोडायचा आणि पडद्यावरचे विमान त्यावर उडवायचे, ही एअरोमॉडेलिंगमधली सरावाची रूढ पद्धत आहे. छंदिष्ट मंडळी ट्रान्समीटरला ‘रेडिओ’ किंवा ‘रिमोट’ म्हणतात आणि सिम्युलेटरला नुसते ‘सिम’. सिममध्ये विमान आपटले तर एक बटण दाबून पुन्हा धावपट्टीवर येते. खरे बाल्साचे (हलक्या लाकडाचे) विमान आपटले तर पंख चिकटवण्यात आठवडे जातात.

सिम गेमपॅडवरही चालतो. तरीही स्वतःचा ट्रान्समीटर जोडण्याचा खटाटोप करावा, याचे मुख्य कारण थ्रॉटलची, म्हणजे मोटरची ताकद कमी-जास्त करणारी, स्टिक. गेमपॅडच्या स्टिक आखूड असतात आणि सोडल्या की मध्यावर येतात. ट्रान्समीटरची थ्रॉटल ठेवाल तिथे राहते. ड्रोन एका उंचीवर धरायचा म्हणजे ही स्टिक मिलिमीटरच्या हिशेबाने खालीवर करायची असते. गेमपॅडवर शिकलेल्या बोटांना मैदानात हे सगळे नव्याने शिकावे लागते. मैदानावर ज्या स्टिक हातात असणार त्यांच्यावरच बोटांना वळण लागावे, एवढ्यासाठी ही जोडणी आहे. म्हणून ती नुसती ‘चालू’ झाली एवढ्यावर समाधान मानू नये, ती खऱ्या उड्डाणाशी तंतोतंत जुळली पाहिजे.

दुसरी अडचण दिशेची. मॉडेल उडवणारा विमानात बसलेला नसतो, तो जमिनीवर उभा असतो. विमान दूर जात असेल तोवर उजवी स्टिक म्हणजे उजवे वळण. तेच विमान तोंड वळवून आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटते, आणि नवशिक्यांची बरीच विमाने इथेच पडतात. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला स्टिक न्यायची, म्हणजे त्या पंखाला टेकू द्यायचा, असे जुने जाणते शिकवतात. नियम ऐकून कळतो, पण हाताला तो शेकडो फेऱ्यांनंतरच उमगतो. म्हणूनच या छंदासाठीचे सिम उडवणाऱ्याला मैदानाच्या कडेला उभे करतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेनला ट्रान्समीटर जोडता येतो, पण तिथे मुख्य दृश्य कॉकपिटमधले असते आणि हा सराव होत नाही.

ट्रेनर पोर्ट आणि पीपीएम

जोडणीची मूळ वाट ट्रान्समीटरच्या ट्रेनर पोर्टमधून जाते. हे सॉकेट संगणकासाठी केलेले नव्हते. गुरू आणि शिष्य यांचे दोन ट्रान्समीटर केबलने जोडायचे, शिष्याने उडवायचे आणि विमान हाताबाहेर जाऊ लागले की गुरूने स्विच सोडून ताबा घ्यायचा, यासाठी ते दिलेले असते. शिष्याच्या ट्रान्समीटरमधून निघणारा तोच सिग्नल संगणकाला दिला की काम होते.

हा सिग्नल बहुधा पीपीएम (पल्स पोझिशन मॉड्युलेशन) प्रकारचा असतो. प्रत्येक चॅनेलची, म्हणजे एकेका नियंत्रणाची, स्थिती एका कालावधीने सांगितली जाते. स्टिक एका टोकाला असेल तर सुमारे १ मिलिसेकंद, मध्यावर १.५ आणि दुसऱ्या टोकाला २. सर्व चॅनेल एकामागोमाग पाठवले जातात, मग एक लांब विराम येतो आणि त्या विरामावरून पुढची फेरी सुरू झाल्याचे ओळखतात. एका फेरीची रूढ लांबी २२.५ मिलिसेकंद आहे. आठही चॅनेल पूर्ण टोकाला नेले तरी १६ मिलिसेकंद होतात आणि विरामासाठी ६.५ उरतात, म्हणून या मापात आठ चॅनेल बसतात. फेऱ्या सेकंदाला साधारण ४४ होतात. सावकाश उडणाऱ्या ट्रेनर (शिकाऊंसाठीच्या) विमानाला हा वेग पुरतो. रेसिंग ड्रोनवाल्यांना मात्र त्यातला उशीर बोटांना जाणवतो.

पोर्टचा आकार कंपनीगणिक बदलतो. स्पेक्ट्रम आणि जेआर यांच्या अनेक ट्रान्समीटरवर ३.५ मिलिमीटरचा साधा जॅक असतो, फुटाबाचे सॉकेट वेगळ्या घडणीचे. भारतात नवशिक्यांच्या हातात हमखास दिसणाऱ्या फ्लायस्कायच्या एफएस-आय६ला मागे चार पिनांचे गोल सॉकेट आहे. ‘२२ इन १’ नावाने मिळणाऱ्या यूएसबी डोंगलसोबत म्हणूनच निरनिराळ्या टोकांच्या पिना येतात. डोंगलमधला छोटा मायक्रोकंट्रोलर पीपीएमचे कालावधी मोजतो आणि संगणकाला आपण जॉयस्टिक असल्याचे सांगतो. हेच काम अर्डुइनो लिओनार्डोसारखा, स्वतः यूएसबी बोलू शकणारा बोर्डही करतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तो एकदा बनवून पाहावाच, कारण त्यात पीपीएम डोळ्यांसमोर उलगडतो.

ट्रेनर पोर्टचा एक बारकावा ध्यानात ठेवावा. स्पेक्ट्रम डीएक्स६आयसारख्या काही ट्रान्समीटरमध्ये ट्रेनरची पिन घातली की यंत्र आपोआप जागे होते आणि पॉवरचा स्विच बंदच ठेवायचा असतो. स्विच चालू केला तर ट्रान्समीटर नेहमीसारखा प्रक्षेपण करू लागतो.

डोंगल नसेल तर पीपीएम थेट माइकच्या सॉकेटमध्ये देण्याची युक्तीही आहे. स्मार्टप्रोपोप्लस हा विंडोजवरचा प्रोग्रॅम तो आवाज ‘ऐकतो’ आणि त्यातून आभासी जॉयस्टिक तयार करतो. खर्च जवळजवळ शून्य, पण कटकटी बऱ्याच. विंडोज माइकचा गोंगाट कमी करायला जाते किंवा आवाजाची पातळी आपोआप बदलते आणि स्पंदांचा आकार बिघडतो, म्हणून त्या सुधारणा बंद कराव्या लागतात. लॅपटॉपच्या हेडसेटच्या एकत्रित सॉकेटला साधी पिन चालत नाही, वेगळा स्प्लिटर लागतो. आज डोंगल स्वस्त मिळत असताना ही वाट केवळ नाइलाज म्हणून धरावी.

थेट यूएसबी

आता बहुतेक नवे रेडिओ स्वतःच यूएसबी जॉयस्टिक होतात. या बदलाचे बरेच श्रेय मुक्त स्रोत फर्मवेअरला, म्हणजे रेडिओच्या आत चालणाऱ्या आणि कुणालाही बदलता येणाऱ्या प्रोग्रॅमला जाते. टर्निजी ९एक्स या स्वस्त रेडिओसाठी छंदिष्टांनी लिहिलेल्या फर्मवेअरमधून पुढे ओपनटीएक्स उभे राहिले, फ्रस्काय कंपनीच्या टॅरॅनिस रेडिओमधून ते घरोघरी पोहोचले आणि २०२१ मध्ये त्यातून एजटीएक्स ही शाखा निघाली. रेडिओमास्टरचे टीएक्स१६एस, बॉक्सर आणि पॉकेट हे रेडिओ एजटीएक्सवर चालतात. रेडिओ आधी चालू करायचा, मग केबल लावायची. पडद्यावर जॉयस्टिक की एसडी कार्ड असा प्रश्न येतो, त्यात जॉयस्टिक निवडायचे. विंडोज, लिनक्स, मॅक यांपैकी कुठेही वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पहिले आठ चॅनेल अक्ष म्हणून आणि पुढचे बटणे म्हणून दिसतात. सिग्नलला पीपीएमचा वळसा पडत नाही, त्यामुळे उशीरही कमी होतो.

संगणकाला रेडिओ दिसतच नसेल तर आधी केबल बदलून पाहावी. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या कित्येक केबलमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. रेडिओ चार्ज होताना दिसतो आणि माणूस तासभर सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो.

तिसरा पर्याय बिनतारी आहे. स्पेक्ट्रमचा डब्ल्यूएस२००० हा यूएसबी डोंगल विमानातल्या रिसीव्हरसारखा रेडिओशी बाइंड होतो, म्हणजे बिनतारी जोडला जातो, त्यामुळे केबलच लागत नाही.

कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे स्टिकची हालचाल आणि संगणकाला दिसणारी हालचाल जुळवणे. जोडणी नीट झाली की बिनसली हे खरे इथे ठरते. सुरुवात सिममध्ये न करता रेडिओवर करावी. रेडिओच्या स्मृतीत सिमसाठी एक वेगळे, साधे विमानाचे मॉडेल (सेटिंगचा संच) तयार करावे. सर्व ट्रिम आणि सबट्रिम (मध्यबिंदू सरकवण्याची सोय) शून्यावर, एंडपॉइंट (हालचालीची टोके) १०० टक्के, एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मवाळ करणे) नाही, मिक्सिंग (एका स्टिकने अनेक चॅनेल हलवणे) नाही. हेलिकॉप्टरचे किंवा डेल्टा पंखाचे मिक्सिंग रेडिओतही ठेवले आणि सिममध्येही असले तर ते दोनदा लागू होते, आणि एलेव्हेटर (विमानाचे नाक वर-खाली करणारे नियंत्रण) दिला असता विमान गिरकी घेते. ज्या रेडिओत सोय आहे त्यात या मॉडेलपुरते रेडिओचे प्रक्षेपण बंद करावे. बॅटरी टिकते, प्रक्षेपणाचे मॉड्यूल तापत नाही, आणि मुख्य म्हणजे शेजारी ठेवलेल्या खऱ्या मॉडेलची मोटर चुकून फिरत नाही. तरीही सरावाच्या वेळी खऱ्या मॉडेलची बॅटरी काढून ठेवावी.

मग विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत जावे. चौकटीत एक लहानशी अधिक खूण दिसते. उजवी स्टिक चारी कोपऱ्यांत फिरवली की खूण कडेपर्यंत गेली पाहिजे. आधीच थांबली तर एंडपॉइंट अपुरे आहेत, स्टिक अर्ध्यातच असताना कडेला चिकटली तर ते जास्त आहेत. स्टिक सोडल्यावर खूण केंद्रापासून केसभर बाजूला राहिली, तर सिममधले विमान सतत एका बाजूला ओढ घेणार. थ्रॉटलची पट्टी हात न लावता थरथरत असेल तर केबल सैल आहे, पीपीएममध्ये गोंगाट आहे किंवा जुन्या गिंबलमधले (स्टिकच्या यंत्रणेतले) पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिकची स्थिती मोजणारा भाग, झिजला आहे. कॅलिब्रेशन करताना थ्रॉटलही मध्यावर आणून ठेवायची असते, ती आपोआप मध्यावर येत नाही.

यानंतर चॅनेलचा क्रम. फुटाबाच्या प्रथेत एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारे नियंत्रण), एलेव्हेटर, थ्रॉटल, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे नियंत्रण) असा क्रम असतो. जेआर आणि स्पेक्ट्रममध्ये थ्रॉटल पहिल्या क्रमांकावर. सिमने वेगळा क्रम धरला असेल तर एलेरॉन द्यावा आणि मोटर गर्जावी असा प्रकार होतो. त्यासाठी सिममधली चॅनेल-जोडणी बदलावी. मोडचाही विचार करावा लागतो. भारतात बहुतेक जण मोड २ वापरतात, म्हणजे डाव्या हाताला थ्रॉटल आणि रडर, उजव्या हाताला एलेव्हेटर आणि एलेरॉन. जपानमध्ये मोड १ रुळलेला आहे. दिशा उलटी दिसली तर ती सिममध्ये उलटवावी, रेडिओत नको, म्हणजे रेडिओवरची मांडणी साधीच राहते.

सिम कोणता

विमानांसाठी १९९७ पासून चालत आलेला रिअलफ्लाइट सर्वांत भरीव आहे. मोफत हवा असेल तर मुक्त स्रोत सीआरआरसीसिम जुन्या संगणकावरही धावतो आणि ग्लायडरचा सराव त्यात चांगला होतो. एफपीव्ही (ड्रोनवरच्या कॅमेऱ्यातून पाहत उडवायच्या) ड्रोनसाठी लिफ्टऑफ आणि वेलोसिड्रोन प्रचलित आहेत. अमेरिकेतल्या ड्रोन रेसिंग लीगने तर स्वतःचा सिम काढला आणि त्यावरच्या निवडस्पर्धेतून वैमानिक घेतले. वर सांगितलेल्या साध्या मांडणीवर एकाच ट्रेनर विमानाला चिकटून राहणाऱ्याची प्रगती रोज नवे जेट बदलणाऱ्यापेक्षा लवकर होते.

महाराष्ट्रात या सरावाला पावसाळ्यामुळे एक खास हंगाम मिळाला आहे. जून ते सप्टेंबर मैदाने चिखलाने भरतात, वारा बेभरवशाचा असतो, आणि मॉडेल बॅगेतच राहते. एनसीसीच्या हवाई शाखेत एअरोमॉडेलिंग शिकवले जाते. ड्रोन नियम २०२१ नुसार रिमोट पायलट प्रमाणपत्र देणाऱ्या प्रशिक्षण संस्थांमध्येही खऱ्या ड्रोनआधी सिमचा सराव असतो. छंदासाठी २ किलोपर्यंतचा ड्रोन उडवणाऱ्याला या नियमांत प्रमाणपत्राची सक्ती नाही, त्यामुळे त्याला असा सराव कुणी लावून देत नाही. तो त्याने घरी, स्वतःच्या रेडिओवर करायचा असतो.