डाउजर काउंटेसच्या आधीच्या मॅगी स्मिथ

ब्रिटिश अभिनेत्री मॅगी स्मिथ २७ सप्टेंबर २०२४ रोजी लंडनमध्ये गेल्या. त्या ८९ वर्षांच्या होत्या. त्या दिवशी जगभर जे फोटो फिरले ते बहुतेक दोनच भूमिकांचे होते: 'हॅरी पॉटर'मधल्या टोकदार टोपीच्या प्राध्यापक मॅकगोनागल आणि 'डाउनटन ॲबी' या टीव्ही मालिकेतल्या डाउजर काउंटेस, म्हणजे घराण्यातल्या थोरल्या बाईसाहेब. पहिली भूमिका पडद्यावर आली तेव्हा स्मिथ ६६ वर्षांच्या होत्या आणि दुसरी आली तेव्हा ७५ वर्षांच्या. रंगमंचावर मात्र त्या १९५२ पासून उभ्या होत्या. आपल्यापैकी बहुतेकांना त्या भेटल्या त्या कारकिर्दीची पन्नासेक वर्षं उलटून गेल्यावर. त्या पन्नास वर्षांत काय घडलं हे कळलं, की काउंटेसचं एखादं तीन शब्दांचं वाक्य वेगळंच ऐकू येतं.

ते गाजलेलं वाक्यच घेऊ. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी शनिवार-रविवारच्या सुटीचा विषय काढतं आणि काउंटेस विचारतात, वीकेंड म्हणजे काय? ज्या घरात कुणी कधी नोकरीच केली नाही, तिथे आठवड्याला शेवट असायचं कारणच नाही. हे वाक्य टोमणा म्हणून टाकायचा मोह कुणालाही झाला असता. स्मिथ तो होऊ देत नाहीत. त्यांच्या आवाजात खरीखुरी शंका असते, चेहरा गंभीर असतो, आणि शब्द संपल्यावर त्या नजर हलवत नाहीत. हशा येतो तो त्या स्थिर नजरेवर. ही संवादफेक त्या सत्तरीनंतर शिकल्या नाहीत. ती विशीतच त्यांच्या हातात आली होती.

जन्म २८ डिसेंबर १९३४ चा, लंडनच्या पूर्वेला असलेल्या इलफर्डचा. वडील पॅथॉलॉजिस्ट, आई ग्लासगोची. वडिलांच्या कामामुळे कुटुंब ऑक्सफर्डला गेलं. मॅगी सोळाव्या वर्षी शाळा सोडून ऑक्सफर्ड प्लेहाउसच्या नाट्यशाळेत दाखल झाल्या. १९५२ मध्ये विद्यापीठाच्या नाट्यमंडळासाठी 'ट्वेल्फ्थ नाइट'मधली व्हायोला त्यांनी केली. खरं नाव मार्गारेट, पण नटांच्या संघटनेत आधीच एक मार्गारेट स्मिथ असल्यामुळे त्या 'मॅगी' झाल्या.

मात्र व्यावसायिक जडणघडण शेक्सपिअरवर झाली नाही, ती रिव्ह्यूवर झाली. रिव्ह्यू म्हणजे गाणी, नाच आणि दोन-पाच मिनिटांची प्रहसनं एकापाठोपाठ एक. १९५६ मध्ये त्या अशाच एका कार्यक्रमातून ब्रॉडवेवर गेल्या आणि १९५७ मध्ये लंडनला 'शेअर माय लेटस'मध्ये विनोदी नट केनेथ विल्यम्स यांच्यासोबत उभ्या राहिल्या. प्रहसनात पात्र उभं करायला वेळच नसतो. आत यायचं, पहिल्या वाक्यात माणूस दाखवायचा आणि हशा घेऊन बाहेर पडायचं. वाक्य अर्धा सेकंद लवकर टाकलं तर ते आधीच्या हशात बुडतं; उशिरा टाकलं तर प्रेक्षक थंड पडलेला असतो. शिवाय वाक्यातला कोणता शब्द उचलायचा आणि कोणता गिळायचा, याचा हिशेब रोज रात्री नव्याने करावा लागतो, कारण प्रेक्षक रोज वेगळा. नाकातून काढलेला सूर आणि ताणलेला स्वर यांचा उपयोग कसा करायचा, यात विल्यम्स पटाईत होते. स्मिथ यांच्या आवाजात त्यांची छाया शेवटपर्यंत ऐकू येते.

१९५८ मध्ये 'नोव्हेअर टू गो' हा पहिला ठळक सिनेमा आला. १९६२ मध्ये नाटककार पीटर शॅफर यांच्या दोन एकांकिकांनी त्यांना लंडनच्या ईव्हनिंग स्टँडर्ड या वृत्तपत्राचा पहिला अभिनय पुरस्कार मिळवून दिला. असे एकूण सहा पुरस्कार त्यांना मिळाले आणि त्यातला शेवटचा २०१९ मध्ये. मधलं अंतर ५७ वर्षांचं!

नट आणि दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी १९६३ मध्ये नॅशनल थिएटर सुरू केलं तेव्हा त्यांनी स्मिथना कंपनीत घेतलं. मुक्काम ओल्ड व्हिक थिएटरात. इथली पद्धत रेपर्टरीची होती. एकच नाटक महिनोन्महिने लावायचं नाही. तीन-चार नाटकं आलटून पालटून त्याच नटसंचात करायची. त्यामुळे एखाद्या रात्री शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तली डेस्डेमोना म्हणून मरायचं आणि पुढच्या प्रयोगात विनोदी नाटकात हशे घ्यायचे, असा तो दिनक्रम. घशावर, पाठांतरावर आणि झोपेवर याचा ताण येतो, पण नट एका साच्यात अडकत नाही.

एप्रिल १९६४ च्या 'ऑथेल्लो'त ऑलिव्हिए ऑथेल्लो आणि स्मिथ डेस्डेमोना. या निर्मितीवर १९६५ मध्ये सिनेमा निघाला आणि त्यातल्या चार नटांना ऑस्कर नामांकनं मिळाली. स्मिथ त्यांत होत्या. आज तो पाहताना दोन गोष्टी खटकतात. ऑलिव्हिए यांनी चेहरा काळा रंगवून केलेली भूमिका आता बघवत नाही. आणि अभिनयाचं मोजमाप पडद्याला जास्त होतं, कारण थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी बांधलेले आवाज आणि हातवारे जवळून लावलेल्या कॅमेऱ्यापुढे तसेच्या तसे आले आहेत. त्या सगळ्यात स्मिथ यांची डेस्डेमोना शांत राहते. ती रडवी, बापुडी नाही; नवऱ्याशी ताठ मानेने बोलणारी आहे, आणि म्हणून तिचं मरण जास्त लागतं.

१९६४ मध्येच नाटककार नोएल कॉवर्ड यांनी स्वतः बसवलेल्या 'हे फीव्हर'मध्ये त्या मायरा ही पाहुणी होत्या. शेवटच्या अंकात नाश्त्याच्या वेळी मायरा एवढंच म्हणते, की हा हॅडॉक मासा भयंकर आहे. वाक्यात विनोद शोधून सापडणार नाही. पण रात्रभर त्या विचित्र घरात सोसलेला सगळा वैताग स्मिथ यांनी त्या एका माशावर काढला आणि थिएटर डोक्यावर घेतलं गेलं. काउंटेसच्या वीकेंडचं मूळ मला इथे दिसतं: साधं वाक्य, आणि त्याच्यामागे न बोललेलं सगळं.

१९६९ चा 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी' हा त्यांचा पहिला ऑस्कर. १९३० च्या दशकातलं एडिनबरा, मुलींची शाळा, आणि विद्यार्थिनींना भारून टाकणारी, फॅसिस्टांवर भाळलेली शिक्षिका. स्मिथ या बाईला आधी मोहक करतात. पहिला अर्धा तास आपणही तिच्या वर्गात बसायला तयार असतो, आणि तिचं बोलणं एका विद्यार्थिनीच्या जिवावर बेतेपर्यंत धोका लक्षात येत नाही. उच्चार एडिनबराच्या प्रतिष्ठित वस्तीतले, प्रत्येक व्यंजन कापून ठेवल्यासारखं. मॅकगोनागलबाईंच्या स्कॉटिश उच्चारांचं बीज इथेच आहे.

यानंतर जे झालं ते फारसं सांगितलं जात नाही. १९७० मध्ये स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्या दिग्दर्शनात त्यांनी इब्सेनची हेडा गाब्लर केली आणि ती वाखाणली गेली. मग १९७२ मध्ये कॉवर्ड यांचं 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' आलं. ते धो धो चाललं, पण समीक्षकांची तक्रार वाढू लागली: मनगटांची फेक, मान वळवणं, ताणलेले स्वर हे सगळं लकबींचं प्रदर्शन होत चाललंय. विनोदी नटाचा हा धंद्यातलाच धोका आहे. ज्या हालचालीला काल हशा आला ती आज थोडी मोठी होते, परवा आणखी. प्रेक्षक हसतच असतो, त्यामुळे नटाला कळत नाही. पात्र मात्र मागे पडतं. त्याच सुमारास नट रॉबर्ट स्टीव्हन्स यांच्याशी झालेलं लग्नही मोडलं. १९७५ मध्ये नाटककार बेव्हर्ली क्रॉस यांच्याशी दुसरं लग्न करून स्मिथ कॅनडाला गेल्या.

ऑन्टारिओतल्या स्ट्रॅटफर्ड नाट्यमहोत्सवात दिग्दर्शक रॉबिन फिलिप्स यांच्या हाताखाली १९७६, ७७, ७८ आणि ८० असे चार मोसम त्यांनी केले. क्लिओपात्रा, मिलामंट, रोझालिंड, लेडी मॅकबेथ, बिअट्रिस आणि एडना ओब्रायन यांच्या नाटकातली व्हर्जिनिया वुल्फ, इतक्या भूमिका. तिथल्या मुख्य थिएटरात प्रेक्षक रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना, २२० अंशांत बसतो आणि कुणीही मंचापासून ६५ फुटांपेक्षा लांब नसतो. चौकटीच्या रंगमंचावर समोरच्या प्रेक्षकासाठी बेतलेली मनगटाची लकब इथे निम्म्या लोकांना पाठीमागूनच दिसते. मग उरतं ते बोलणं आणि विचार. लंडनच्या झगमगाटापासून दूर, अशा मंचावर केलेल्या कामाने त्यांना सावरलं असं मी ठामपणे म्हणेन. १९८१ मध्ये 'व्हर्जिनिया' लंडनला आलं तेव्हा जुनी तक्रार बाजूला पडून पुन्हा पुरस्कार मिळाला. याच काळात, १९७८ च्या 'कॅलिफोर्निया स्वीट'मध्ये ऑस्कर हुकलेल्या अभिनेत्रीचं काम करून त्यांनी दुसरा ऑस्कर मिळवला.

ऐंशीचं दशक त्यांच्या पडद्यावरच्या कामातलं सर्वांत कसदार. 'अ प्रायव्हेट फंक्शन', 'अ रूम विथ अ व्ह्यू' आणि 'द लोनली पॅशन ऑफ ज्युडिथ हर्न' या तिन्हींसाठी त्यांना बाफ्टा हे ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाले. मधल्या सिनेमाचे निर्माते इस्माइल मर्चंट मूळचे मुंबईचे, आणि पटकथा लिहिणाऱ्या रूथ प्रावर झाबवाला यांची बरीच वर्षं दिल्लीत गेलेली.

पण मी कुणालाही आधी पाहायला सांगेन ती १९८८ ची बीबीसीवरची 'बेड अमंग द लेंटिल्स', ॲलन बेनेट यांच्या 'टॉकिंग हेड्स' मालिकेतली. सुमारे पन्नास मिनिटं एकटी बाई कॅमेऱ्याकडे बघून बोलते. सुसान ही पाद्र्याची बायको, चर्चच्या कामांना कंटाळलेली आणि चोरून दारू पिणारी. आसपासच्या दुकानांत उधारी थकलेली, म्हणून ती लीड्समधल्या रमेश नावाच्या भारतीय दुकानदाराकडे जाते, आणि मागच्या खोलीत, डाळींच्या पोत्यांमध्ये, तिला पहिल्यांदा प्रेमाचा स्पर्श मिळतो. तिची दारू सुटण्याची वाटही रमेशच्याच एका साध्या प्रश्नातून निघते. हातवारे नाहीत, आवाज चढत नाही. केस विस्कटलेले, खांदे पडलेले, आणि डोळे कॅमेऱ्यावरून अधूनमधून बाजूला सरकतात, ते नेमके तिला खोटं बोलायचं असतं तेव्हा. 'प्रायव्हेट लाइव्ह्ज'च्या लकबींवर टीका करणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नव्हतं.

याच सुमारास शॅफर यांनी खास त्यांच्यासाठी 'लेटिस अँड लव्हेज' लिहिलं. एका कंटाळवाण्या जुन्या वाड्यात पर्यटकांना माहिती देणारी लेटिस ही गाइड, आणि जिन्यावर घडलेल्या एका किरकोळ घटनेची कहाणी ती प्रत्येक फेरीत आणखी रंगवत नेते. मजकूर तोच, पण फेरीगणिक आवाजाचा पल्ला वाढत जातो. रिव्ह्यूत शिकलेलं सगळं इथे कामाला आलं. लंडनला १९८७ मध्ये ते लागलं. पण ग्रेव्ह्ज या थायरॉइडच्या आजाराने डोळ्यांवर परिणाम झाला, उपचारांत बराच काळ गेला, त्यात सायकलवरून पडून दुखापत झाली, आणि न्यूयॉर्कचा प्रयोग १९९० पर्यंत लांबला. तिथे रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला तो त्यांना आणि सहकलाकार मार्गारेट टायझॅक यांना, दोघींनाही.

पुढचं बरंचसं परिचयाचं आहे. 'गॉसफर्ड पार्क'ने सहावं ऑस्कर नामांकन आणलं. 'हॅरी पॉटर'च्या आठ सिनेमांपैकी सातांत त्या आहेत, आणि सहाव्याच्या वेळी स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार चालू असताना केसांचा टोप घालून काम केलेलं आहे. 'डाउनटन'चे सहा मोसम झाले आणि त्यासाठी टीव्हीचे तीन एमी पुरस्कार मिळाले. 'द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल'साठी त्या राजस्थानात आल्या. त्यातली म्युरिअल खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी येते ती भारतीयांबद्दलचे पूर्वग्रह घेऊन, आणि स्मिथ ते पूर्वग्रह गोड करून दाखवत नाहीत. 'द लेडी इन द व्हॅन' त्यांनी १९९९ मध्ये रंगमंचावर केलं आणि २०१५ मध्ये सिनेमात. चित्रीकरण बेनेट यांच्या त्याच लंडनमधल्या घरी झालं, जिथे ही कथा जिच्यावर बेतली ती खरी बाई १५ वर्षं व्हॅनमध्ये राहिली होती.

आणि २०१९ मध्ये, बारा वर्षांच्या खंडानंतर, ८४ व्या वर्षी पुन्हा रंगमंच. 'अ जर्मन लाइफ' ही हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या कचेरीत टायपिस्ट असलेल्या ब्रुनहिल्डे पॉम्सेलची एकपात्री कथा. सुमारे शंभर मिनिटं, मध्यंतर नाही, समोर ९०० खुर्च्यांचं ब्रिज थिएटर, आणि स्मिथ एका खुर्चीत बसून. अडखळणं, शब्द शोधणं, वाक्य अर्धवट सोडणं हे सगळं पात्राचंच होतं. म्हातारीचं विसरणं खरं किती आणि सोयीचं किती, हा नाटकाचा गाभा, आणि तो त्या थांब्यांमध्येच भरलेला होता.

यातलं पाहायला काय मिळतं, हा प्रश्न उरतो. हेडा, रोझालिंड, लेटिस यांचे सिनेमे झाले नाहीत. ते ज्यांनी थिएटरात पाहिलं त्यांचं. इटालियन दिग्दर्शक झेफिरेल्ली यांनी नॅशनलसाठी बसवलेलं 'मच अडू अबाउट नथिंग' बीबीसीने १९६७ मध्ये दाखवलं होतं. त्यात स्मिथ बिअट्रिस आहेत आणि स्टीव्हन्स बेनेडिक. त्या काळी टेप पुसून पुन्हा वापरत, त्यामुळे हेही कायमचं गेलं असंच धरलं जात होतं. २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, अमेरिकेत प्रसारणासाठी पाठवलेल्या जुन्या कार्यक्रमांच्या साठ्यात, त्याची प्रत सापडली. बत्तीस वर्षांच्या मॅगी स्मिथ त्यात होणाऱ्या नवऱ्याशी शाब्दिक झटापट करताना दिसतात, आणि प्रत्येक टोल्यानंतर त्यांची नजर तशीच स्थिर असते.