राउटर स्वस्त, बाकी सगळं महाग : गावातल्या वायरलेस इंटरनेटची पार्श्वभूमी

दोन जाळीच्या डिश अँटेना आणि दोन वायफाय रेडिओ घेतले की तालुक्याच्या गावातलं नेट वीसेक किलोमीटरवरच्या वाडीत नेता येतं, असे व्हिडिओ आता ढिगाने आहेत आणि ते खोटे नाहीत. मग वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे एवढे प्रोजेक्ट झाले, त्यांचं पुढे काय झालं? माझं मत आधीच सांगून टाकतो, यात रेडिओची किंमत हा खरा प्रश्न फार थोडे दिवस होता. पैसे आणि जीव जातो तो टॉवर, वीज, परवाना आणि मागून येणाऱ्या लाइनमध्ये, म्हणजे नेट गावच्या टॉवरपर्यंत आणणाऱ्या मुख्य जोडणीत.

सुरुवात वायफायच्या आधीची आहे. नव्वदच्या दशकात आयआयटी मद्रासला प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या टेनेट ग्रुपने कॉरडेक्ट नावाची सिस्टिम बनवली. घरापर्यंत तांब्याची तार ओढण्यात टेलिफोनचा बराच खर्च जायचा, तर ती तारच काढून टाकायची आणि १० किलोमीटरपर्यंत रेडिओवर न्यायचं, मध्ये रिले लावला तर २५ पर्यंत. फोन चालू असताना ३५ केबीपीएस आणि फोन ठेवलेला असेल तर ७० केबीपीएस नेट! आज हसू येईल, पण तेव्हा शहरात डायल-अपवाले लोक फोन अडकवून बसायचे आणि त्यांनाही याहून फार जास्त काही मिळत नव्हतं. याच्यावर एन-लॉग कंपनीने गावोगावी किऑस्क, म्हणजे पैसे देऊन कॉम्प्युटर-नेट वापरायची छोटी दुकानं, काढले, मदुराईजवळच्या मेलूर भागातला सारी प्रोजेक्ट त्यातला बराच गाजलेला. टेक्निक चाललं, पण किऑस्कवाल्याचा महिन्याचा हिशोब जमेना आणि पुष्कळ किऑस्क बंद पडले.

त्याच सुमारास बाहेर वेगळंच काहीतरी घडत होतं. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या रेडिओ-टेलिफोनचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९८५ मध्ये काही फ्रिक्वेन्सी पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले होते, १९९७ ला ८०२.११ स्टँडर्ड आलं, ज्याला आपण वायफाय म्हणतो, १९९९ ला ११ एमबीपीएसवालं ८०२.११बी, आणि लॅपटॉपमुळे वायफायचं कार्ड इतकं खपलं की भाव धडाधड पडले. गावासाठी कोणी मुद्दाम काही बनवायची गरजच उरली नाही, ऑफिसात आणि घरात वापरायचा माल उचलून त्याला मोठी अँटेना लावायची, बस.

एमआयटीच्या मंडळींचं डाकनेट तर आणखी पुढचं, किंवा मागचं म्हणा. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर तालुक्यात त्यांनी बसवर वायफायचा डबा बसवला, बस गावातून गेली की किऑस्कवरचा डेटा तिच्यात भरला जायचा आणि तालुक्याला पोचली की उतरवला जायचा. भूमी योजनेतल्या जमिनीच्या नोंदी, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखे कागद, त्यावरून जायचे. लाइव्ह नेट नाहीच, पण टॉवरचा खर्च शून्य. मला हा सगळ्यात हुशार प्रयोग वाटतो, कारण उतारा चार तासांनी मिळाला तरी शेतकऱ्याचं काही अडत नाही.

लांब पल्ल्याच्या वायफायचं खरं डोकेफोड काम आयआयटी कानपूरला झालं, डिजिटल गँजेटिक प्लेन्स नावाने. कानपूर-लखनौच्या बाजूला लिंक टाकल्या, सर्वात लांब सुमारे ३९ किलोमीटरची. इथे कळलं की वायफाय मुळात हॉलमध्ये बसलेल्या माणसांसाठी लिहिलंय. प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पोचलं की समोरून पोच यावी लागते, आणि ती ठराविक वेळात आली नाही तर पाठवणारा समजतो की हरवलं आणि परत पाठवतो. सिग्नलला ३० किलोमीटर जायलाच १०० मायक्रोसेकंद लागतात, यायला तितकेच, आणि ८०२.११बीचा स्लॉट, म्हणजे वेळ मोजायचा त्याचा छोटा एकक, असतो २० मायक्रोसेकंदांचा. म्हणजे पोच वाटेत असतानाच तेच पॅकेट परत सुटलेलं असतं! शिवाय एका टॉवरवर तीन दिशांना तीन रेडिओ असले की एक बोलायला लागला की शेजारचा बहिरा होतो. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये यावर २पी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे रेडिओंनी आपसात बोलायचे नियम, मांडला, त्यात टॉवरवरचे सगळे रेडिओ एकदम बोलतात आणि एकदम ऐकतात. (दोघंही नंतर आयआयटी मुंबईत आले.) याच धर्तीवर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या टायर ग्रुपने, एरिक ब्रूअर यांच्या टीमने, वाइल्डनेट नावाची लांब पल्ल्याच्या वायफायची सिस्टिम केली आणि तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला आजूबाजूच्या गावांतली तपासणी केंद्रं जोडून दिली. पेशंट गावात बसून व्हिडिओवर डॉक्टरशी बोलतो, थेनीची चक्कर वाचते. या सगळ्या धडपडीत टिकून राहिलेलं उदाहरण शोधायचं तर मी पहिलं हेच सांगेन.

पण गंगेच्या सपाट मैदानात दोन्ही टोकं एकमेकांना दिसायला चाळीस-पन्नास मीटर उंची लागते, आणि मग टॉवरपुढे रेडिओचे पैसे चिल्लर वाटायला लागतात. डोंगराळ मुलखात टॉवर देवाने फुकट दिलाय. नेपाळमध्ये म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावच्या महावीर पुन यांनी झाडांवर अँटेना बांधून पोखऱ्याहून नेट आणलं, तेही माओवादी संघर्षाच्या काळात, जेव्हा असलं सामान देशात चोरून आणावं लागायचं. त्यांना २००७ मध्ये मॅगसेसे मिळालं. हिमाचलातल्या धर्मशाळेचं एअरजल्दी हे वायरलेस नेटवर्कही डोंगरातलंच, तिथे माकडं अँटेनांना लोंबकळायची. आणि विजेचं तर विचारूच नका. टायर ग्रुपचा नंतरचा अनुभव असा की सॉफ्टवेअरच्या चुकांपेक्षा व्होल्टेजच्या झटक्यांनी जळूनच उपकरणं जास्त बंद पडतात, आणि जळलं की ते बदलणारा माणूस गावात नसतो.

परवान्याची गोष्ट थोडक्यात. आपल्याकडे वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा घराबाहेर वापरायला मोकळा झाला जानेवारी २००५ मध्ये, त्याआधी उघड्यावर लिंक टाकायची तर दिल्लीची परवानगी. ५ गिगाहर्ट्झचा मोठा हिस्सा खुला व्हायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडला.

महाराष्ट्रात वारणानगरचा वायर्ड व्हिलेज प्रोजेक्ट १९९८ चा. कोल्हापूर-सांगलीकडची सत्तरेक गावं, उसाचं वजन, खत, बिल हे गावातल्याच कॉम्प्युटरवर कळायचं. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी बघितलं की लोक मुख्यतः एवढीच माहिती विचारतात, तर त्यांनी काही गावांत कॉम्प्युटर काढून साध्या मोबाइलवर एसएमएसने तीच सोय केली आणि ती स्वस्त पडली. दुसरं उदाहरण पालघरचं. प्रा. अभय करंदीकर यांच्या आयआयटी मुंबईच्या टीमने हिशोब काढला की ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या टीव्ही पट्ट्यातल्या १५ पैकी किमान १२ चॅनेल देशात जवळपास कुठेही रिकामे पडलेत. हा सिग्नल झाडीतूनही बऱ्यापैकी जातो, म्हणून पालघरच्या ७ गावांत त्यावर चाचणी केली. पण त्या पट्ट्याची उपकरणं लाखोंनी खपत नाहीत त्यामुळे महाग, आणि परवानगी फक्त प्रयोगापुरती, त्यामुळे ग्राममार्ग या नावाने काम वाढवताना ५.८ गिगाहर्ट्झचं नेहमीचं वायफायच घेतलं. २०१७ ला मोझिलाच्या इक्वल रेटिंग स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं.

तोपर्यंत खेळ बदलला होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि जिथे टॉवर पोचला तिथे गावच्या वायफायला गिऱ्हाईक राहिलं नाही. दुसरीकडे २०११ ला मंजूर झालेली फायबरची योजना, आताचं भारतनेट, पंचायतीच्या दारात येऊन थांबली, तिथून पुढे वाड्या-वस्त्यांवर न्यायला परत वायरलेसच लागतं. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी आली, किराणा दुकानदारानेही लायसन्सशिवाय, फी न भरता वायफाय विकावं अशी. राउटर दोन-तीन हजारांचा, पण त्याला नेट पुरवणाऱ्या कंपन्या म्हणायला लागल्या की धंद्यासाठी वापरताय तर लीज्ड लाइन घ्या, म्हणजे एकट्यासाठी राखून ठेवलेली लाइन, जी साध्या फायबर कनेक्शनच्या कितीतरी पट महाग. शेवटी जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे देशाच्या टेलिकॉम नियामकाने, आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंत अशा दुकानदाराकडून त्याच स्पीडच्या घरगुती प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत.