लोव्हेजचं बी आळशी नाही

गेल्या वर्षी एका युरोपियन सूपच्या पाककृतीत 'लोव्हेज' असा शब्द आला. मोबाइलला विचारलं, तर उत्तर मिळालं 'ओवा'. चूक जुनीच आहे, इंग्रजीत ओव्यालाही पूर्वी लोव्हेज म्हणत. ओवा म्हणजे ट्रॅकिस्पर्मम अम्मी आणि लोव्हेज म्हणजे लेव्हिस्टिकम ऑफिसिनाले. धने, जिरं, बडीशेप, गाजर यांचेच हे दोघे भाऊबंद, पण ओव्याला वास थायमॉल या उग्र सुगंधी द्रव्याचा आणि लोव्हेजला सेलरीचा, तोही चांगला तिखट. (पुण्यातल्या निम्म्या गॅलऱ्यांत 'ओवा' म्हणून जे जाड, लवदार पानांचं झाड असतं, ते तिसरंच, तुळशीच्या कुळातलं. भजी मात्र त्याचीच करावीत.)

बियांचं पाकीट मागवलं आणि ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरलं. शेजारच्या कुंडीत मेथी चौथ्या दिवशी वर आली. लोव्हेज अठरा दिवस झाले तरी ढिम्म. "अमावस्येला पेरलंस का?" शेजारच्या काकूंनी विचारलं. चंद्राचा यात काहीच हात नव्हता. खरी गोष्ट बियाच्या पोटात होती, आणि मला ती लोव्हेजच्या चवीपेक्षाही जास्त आवडते.

रात्रभर भिजवलेला हरभरा सोलून बघा. दोन डाळी आणि टोकाशी इवलासा कोंब. हे सगळं मिळून भ्रूणच. झाडावर असतानाच त्याने आपला शिधा खाऊन डाळींत भरून ठेवलेला असतो. पाणी मिळालं की फुगायचं आणि बाहेर यायचं, एवढंच काम उरतं. गाजर कुळात उलटा प्रकार. बी झाडावरून गळतं तेव्हा भ्रूण अपुऱ्या दिवसांचाच असतो. जवळजवळ सगळं बी भ्रूणपोषाने, म्हणजे राखीव अन्नाने, भरलेलं आणि एका टोकाला रेघेएवढा भ्रूण. उगवण्याआधी त्याला बियाच्या आतच मोठं व्हावं लागतं.

पण आत जागा कुठे असते? भ्रूणपोषाच्या पेशींच्या भिंती जाड असतात आणि अन्नाचा मोठा साठा त्या भिंतींतच असतो. लोव्हेजची जवळची नातलग सेलरी, तिच्यावर यासंबंधी बरेच प्रयोग झाले आहेत. जिबरेलिन या संप्रेरकाचा (हार्मोनचा) इशारा मिळाला की भ्रूणपोषात विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार होतात, ती भ्रूणाभोवतीच्या भिंती विरघळवतात, त्यातून साखर सुटते आणि पोकळीही तयार होते. त्या पोकळीत भ्रूण लांबत जातो, मग पुढची भिंत विरघळते. घर पोखरत पोखरत तेच घर खायचं! भ्रूण पुरेसा लांबला की मगच मूळ बाहेर डोकावतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, बी निजलंय. आत मात्र रात्रंदिवस खोदकाम चालू असतं. सेलरीच्या बियांत उष्णतेने हे काम अडतं आणि उजेडाने त्याला चालना मिळते. माझ्या ऑक्टोबरच्या कुंडीचं काय चुकलं, ते इथे कळलं.

नोव्हेंबरच्या शेवटी, पहाटे गारवा जाणवू लागल्यावर पुन्हा पेरलं. मातीचा अगदी पातळ थर, वर ओलं फडकं, रोज फवारणी. तिसऱ्या आठवड्यात दोन-दोन अरुंद पानं दिसली. बी ताजंच घ्या, या कुळातलं बरंचसं बी फार काळ टिकत नाही.

युरोपात हे झाड बहुवर्षायू. थंडीत जमिनीपर्यंत मरतं, वसंतात पुन्हा फुटतं आणि चक्क 2 मीटर वाढतं. आपल्याकडे अडचण उन्हाळ्याची. माझं एप्रिलमध्ये पिवळं पडलं आणि मेमध्ये गेलं. पुण्यात ते हिवाळी भाजीसारखं लावावं, वारसाहक्काने मुलांना देण्याच्या गोष्टी करू नयेत. आणि नावात 'लव्ह' आहे म्हणून कुणी प्रेमवर्धक चहा म्हणून विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा. इटलीतल्या लिगुरिया प्रांतावरून आलेल्या लॅटिन नावाचा तो अपभ्रंश आहे.

स्वयंपाकात हात आखडता हवा. कोथिंबिरीसारखं मूठभर टाकलं तर बाकीच्या चवी गप्प बसतात. बटाट्याच्या सूपला दोन-तीन पानं पुरतात, आणि शिजताना यांचा वास कोथिंबिरीसारखा उडून जात नाही. पोकळ देठाची नळी करून टोमॅटोचा रसही पिता येतो. जर्मन लोक याला 'मॅगीक्राउट', म्हणजे मॅगीचं झाड म्हणतात. 1886 मध्ये निघालेल्या मॅगीच्या तपकिरी रसासारखा वास येतो म्हणून, जरी त्या रसात लोव्हेज नसतं. या वासातलं सोटोलॉन हे संयुग मेथीदाण्यांतही असतं, त्यामुळे आपल्या नाकाला तो अगदीच परका वाटत नाही.

जानेवारीत एकदा साध्या मुगाच्या वरणात दोन पानं चिरून टाकली. आतल्या खोलीतून आवाज आला, "आज नूडल्स का?"