कुत्र्याला फिरवणं

पाळीव कुत्र्याला पट्टा लावून रोज ठराविक वेळी बाहेर नेणं, याला सगळीकडे कुत्र्याला फिरवणं म्हणतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला दिवसभरात बाहेरचं जग दिसतं ते एवढ्याच वेळात, पण बऱ्याच घरांत हे काम शी-शू उरकण्यापुरतंच होतं, ऑफिसच्या घाईत दहा मिनिटं खाली आणि लगेच लिफ्टने वर. गावाकडे शेतावर मोकळा असलेल्या कुत्र्याला कोणी फिरवत नाही, त्याचं तो बघून घेतो.

फिरण्यातली कुत्र्याची खरी मजा वासात असते. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी, त्यामुळे विजेचा खांब किंवा पार्क केलेल्या गाडीचं टायर आपल्याला काहीच सांगत नसलं तरी कुत्र्याला तिथे कोण आलं, नर की मादी, कधी येऊन गेलं असं बरंच कळतं. दर खांबाला थांबतो म्हणून खेचत नेणारे मालक नेमकं हेच हिरावून घेतात. अंतर कमी झालं तरी चालेल, हुंगू द्यावं, मोबाईलवर पावलं मोजायची असतील तर ती नंतर एकट्याने मोजावीत.

पट्टा ४ ते ६ फुटांचा नायलॉनचा किंवा जाड सुती असावा आणि चालताना सैल असावा, ताणलेल्या पट्ट्याने कुत्रा उलट जास्तच ओढतो. लोखंडी साखळी दिसायला दणकट पण जड असते आणि हिसका बसला की हात सोलवटतो. बटण दाबलं की लांब होणारे पट्टे रहदारीच्या रस्त्यावर नकोतच, कुत्रा क्षणात रिक्षेसमोर पोचतो. पट्टा हाताला गुंडाळून धरायची सवय पण वाईट, लॅब्राडॉर जोरात पळाला की बोटं मोडू शकतात. पग, पॉमेरियन वगैरेंची श्वासनलिका नाजूक, त्यांना गळपट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस बरा. कारवान किंवा मुधोळ अशी सडपातळ, वेगवान शिकारी जात असेल तर गोष्ट वेगळी, त्यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं त्यामुळे साधा गळपट्टा मागे सरकून निघून जातो, आणि मांजर दिसून एकदा ते सुटले की हाका मारण्यात अर्थ नसतो.

आपल्याकडे खरं वेळापत्रक ऋतू ठरवतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच तो अंग थंड करतो, म्हणून एप्रिल-मेमधे विदर्भ-मराठवाड्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री उशिराच बाहेर पडावं. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघावी, टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. चपट्या नाकाच्या जातींना उष्माघात फार पटकन होतो. जीभ लांब बाहेर, लाळ घट्ट, चाल झोकांड्यांची असं दिसलं तर सावलीत न्यावं, अंगावर साधं पाणी ओतून वारा घालावा आणि थेट डॉक्टर गाठावा. पावसाळ्यात भीती डबक्यांची, त्यात उंदराच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू येतात, म्हणून त्याची लस दरवर्षी द्यायची आणि साचलेलं पाणी पिऊ द्यायचं नाही. गवतातून आल्यावर कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायचे, टिक फिव्हर त्यांच्यातूनच होतो. दिवाळीत अंधार पडायच्या आत फेरी उरकावी, फटाक्याला घाबरून पट्टा तोडून पळालेले कुत्रे दरवर्षी हरवतात. पिल्लाला मात्र लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईस्तोवर, रस्त्यावर सोडू नये, पार्वो हा विषाणूचा आजार जमिनीवरूनही लागतो.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न बहुतेकांना सगळ्यात जास्त छळतो. प्रत्येक गल्लीची एक टोळी असते आणि तिची हद्द ठरलेली असते, ती ओलांडली की अंगावर येतात, पुढच्या चौकात गेलो की बहुतेक वेळा गप्प बसतात. पळू नये, आरडाओरडा करू नये, पट्टा आखूड धरून वळसा घालून सरळ चालत राहावं. खिशातली मूठभर बिस्किटं लांब फेकली तर काही वेळा तेवढ्यावर सुटका होते. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी आणि कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं, माणसाला चावलं तर मुळीच वाट बघायची नाही. आरे कॉलनी, जुन्नर, अकोले अशा बिबट्यांच्या भागात पहाटे आणि रात्री कुत्र्याला घेऊन झाडीकडे जाणं म्हणजे बिबट्यासमोर जेवण नेणं, कुत्रं हे तिथल्या बिबट्यांचं नेहमीचं भक्ष्य आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगायचं तर मोठ्या शहरांत महापालिकेचं लायसन्स लागतं आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला दाखवावा लागतो. कुत्रा सांभाळण्यात निष्काळजीपणा करून लोकांना धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या बाजूने, सोसायटीला लिफ्टमधे कुत्रा नेण्यावर बंदी घालता येत नाही असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात सांगितलंय. पण लिफ्टवरून भांडणाऱ्याने शी उचलायला पिशवी जवळ ठेवावी, सोसायटीतली निम्मी भांडणं त्या एकाच गोष्टीवरून पेटतात आणि तिथे कुत्रेवाल्यांची बाजू बहुतेक वेळा लंगडीच असते.

ज्यांना वेळ नसतो ते महिन्याच्या पैशांवर वॉकर, म्हणजे कुत्रा फिरवणारा माणूस ठेवतात. एका हातात पाच पट्टे आणि दुसऱ्या हातात फोन असा वॉकर नको, सुरुवातीचे काही दिवस त्याच्याबरोबर स्वतः फिरून बघावं, कुत्रा त्याला बघून शेपटी हलवतो का सोफ्याखाली जातो हेही बघावं, आणि आपल्या डॉक्टरचा नंबर त्याच्या फोनमधे घालून द्यावा.